पथ्यावरच्या मांजराला खाऊ काय द्यायचा?

गोट्याच्या पोटावरचे केस विरळ झाले तेव्हा मी ते उन्हाळ्यावर ढकललं. नेरूळमधला मे महिना, माणसांच्याही अंगावर पुरळ उठतं, बोक्याचे केस गळले तर त्यात काय, असं वाटलं. मग एका रात्री दीडच्या सुमाराला पलंगाखालून खरखर आवाज आला. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर गोट्या मागचा पाय वर करून मांडीची आतली बाजू चाटतोय आणि हाक मारली तरी थांबत नाही. हात फिरवला तर खुरटी दाढी लागावी तसे केस लागले, आणि मधे मधे मोहरीएवढ्या पुळ्या.

त्याला चिकनची ॲलर्जी आहे हे पक्कं व्हायला पुढे चार महिने लागले. दोन वर्षं रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्या आल्या मी त्याला लाडानं जे देत होते, ते वाळवलेलं चिकनच होतं. घरात दुसरी मांजर आहे, राणी, वय तेरा, तिच्या किडन्या अधू झाल्यात. म्हणजे एका छपराखाली दोन मांजरं आणि दोन वेगवेगळी पथ्यं. डॉक्टरांनी "यापुढे हेच अन्न, बाकी काही नाही" असं सांगितल्यावर तुम्ही घरी येऊन कपाटातल्या खाऊच्या पाकिटांकडे बघत बसला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. खाऊ बंद करावा लागत नाही. तो कुठून काढायचा, ते मात्र बदलावं लागतं.

आधी नक्की काय बिघडलंय ते कळू द्या

न मानवणं, ॲलर्जी आणि आजाराचं पथ्य या तीन गोष्टी आपण बोलताना एकत्र करतो, पण खाऊच्या बाबतीत तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

दूध हे न मानवण्याचं नेहमीचं उदाहरण. पिल्लू आईचं दूध सोडतं, तसं दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज त्याच्या शरीरात कमी होत जातं. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, तिथले जिवाणू ती आंबवतात, आणि मांजराला पातळ शी होते. इथे प्रमाणाला महत्त्व असतं. चमचाभर दूध काही मांजरांना चालून जातं, वाटीभर जात नाही.

ॲलर्जीत तसं नसतं. शरीराची प्रतिकारशक्ती एखाद्या अन्नातल्या प्रथिनालाच शत्रू समजते, त्यामुळे चिमूटभरही पुरतं. खाज बहुतेक वेळा डोकं, मान, कान आणि पोट इथे दिसते. काहींना खाजेबरोबर उलट्या-जुलाब होतात, काहींना नुसतेच उलट्या-जुलाब. मांजरांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी कारणं म्हणजे बीफ, मासे आणि चिकन. आपल्याकडच्या मांजरांच्या पोटात यातले शेवटचे दोनच पिढ्यानपिढ्या जात आलेत. "अहो, तो तर लहानपणापासून चिकन खातोय, आजच कसं होईल?" असं मला शेजारच्या काकूंनी विचारलं होतं. पण ॲलर्जी सहसा होते ती नेहमी खाल्ल्या जाणाऱ्या गोष्टीचीच. ओळख झाल्याशिवाय शरीर वैर धरत नाही.

खाज दिसली की लगेच अन्नावर आळ घेऊ नका. आपल्या दमट हवेत पिसवा बाराही महिने असतात आणि मांजर घराबाहेर पडत नसलं तरी घरात येतात. मांजरांच्या खाजेचं पहिलं कारण बहुतेकदा पिसवाच असतात. म्हणून डॉक्टर आधी पिसवांचं औषध देतात. त्यात वेळ गेला असं समजू नका. आणि रक्त किंवा लाळ तपासून अन्नाची ॲलर्जी सांगणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालण्याआधी डॉक्टरांशी बोला. मांजरांच्या अन्नाच्या ॲलर्जीसाठी त्या भरवशाच्या नाहीत. खरी चाचणी एकच, आणि ती घरीच करायची असते.

आठ आठवडे, बाहेरचा एक कणही नाही

या चाचणीत मांजराला किमान आठ आठवडे एकच ठरवलेलं अन्न द्यायचं. ते दोन प्रकारचं असतं. एक, हायड्रोलाइज्ड प्रथिनाचं. यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की प्रतिकारशक्तीला ते ओळखू येत नाहीत. दुसरं, मांजरानं आयुष्यात कधी न खाल्लेल्या मांसाचं. पोटाच्या तक्रारी बऱ्याचदा दोन-चार आठवड्यांतच कमी होतात, कातडीला मात्र पूर्ण आठ आठवडे द्यावे लागतात.

या काळात बाजारातला कुठलाही खाऊ नाही. "हायपोॲलर्जेनिक" असं मोठ्या अक्षरांत छापलेला सुद्धा नाही. एका दुकानात मला असंच एक पाकीट आग्रहानं दिलं गेलं. घरी येऊन मागची बाजू वाचली तर तिसऱ्या क्रमांकावर चिकन फॅट आणि पाचव्या क्रमांकावर "पोल्ट्री डायजेस्ट", म्हणजे कोंबडीसारख्या पक्ष्यांच्या मांसापासून चवीसाठी केलेला अर्क.

आमची पहिली चाचणी पाचव्या आठवड्यात फसली. गोट्याच्या पोटावर कोवळी लव आली होती, मी फोटो काढून बहिणीला पाठवला होता. चार दिवसांत तिथेच पुन्हा लाल चट्टे. मी घरातली सगळी पाकिटं तपासली, लिटर (मांजराच्या शी-शूच्या ट्रेमधली वाळू) बदललं, फिनेल बदललं. मग एका सकाळी चहाच्या वेळी स्वयंपाकघराच्या दारातून दिसलं की बाबांनी रात्रीच्या रश्शातला चिकनचा तुकडा नळाखाली धुतला, चिमटीत धरून खाली केला, आणि गोट्यानं तो सवयीनं अलगद घेतला.

"बाबा, तुम्ही रोज देता?"

"अगं, नखाएवढा तर असतो. मीठमसाला धुऊन देतो मी. आणि तो माझ्याकडे आशेनं बघतो, मी काय करू?"

त्यांना खरंच वाईट वाटलं. दोन दिवस ते गोट्याकडे बघायचे आणि नजर फिरवायचे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की घरात पथ्य फक्त मांजराचं नसतं. मी एक छोटी स्टीलची डबी आणली आणि रोज रात्री त्यात गोट्याच्या स्वतःच्या औषधी खाण्यातले सात दाणे मोजून ठेवायला लागले. ती डबी बाबांच्या ताब्यात दिली. सकाळी चहाच्या वेळी ते हाक मारतात, डबी वाजवतात, एक एक दाणा हातावर देतात. गोट्याला चिकनची आठवण आल्याचं तिसऱ्या दिवसानंतर दिसलं नाही. चाचणी मात्र पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू करावी लागली, कारण मधे नियम मोडला की आधीचे दिवस धरता येत नाहीत.

घरच्यांशिवाय आणखी एक चोरवाट असते, औषधांची. जंताच्या काही गोळ्या चिकनच्या किंवा मांसाच्या चवीच्या असतात. पोटात साठणाऱ्या केसांच्या गोळ्यांवरची पेस्ट, मांजरांची टूथपेस्ट, जीवनसत्त्वांचं क्रीम, गोळी लपवायचा मऊ खाऊ, कॅप्सूलचं जिलेटिन, या सगळ्यांत प्राण्यांपासून आलेलं काहीतरी असू शकतं. चाचणी सुरू करण्याआधी ही सगळी औषधं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा.

आठ आठवड्यांनी मांजर बरं दिसलं की बहुतेक जण तिथेच थांबतात. थांबू नका, हे मी कळकळीनं सांगते. जुनं अन्न परत देऊन बघायचं असतं. त्रास परत आला, आणि तो बहुधा दोन आठवड्यांच्या आत येतो, तरच ॲलर्जी सिद्ध होते. मग पुन्हा चाचणीच्या अन्नावर आणून, बरं वाटल्यावर एकेक पदार्थ वेगळा द्यायचा. आम्ही चिकन दिलं, नवव्या दिवशी खाज. मटण दिलं, दोन आठवडे काहीच नाही. ही पायरी गाळली असती तर गोट्याला जन्मभर सगळंच बंद झालं असतं, आणि तेही विनाकारण.

दिवसाचा हिशेब

खाऊ कुठलाही असो, दिवसभराच्या कॅलरींपैकी १० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. म्हणजे खाऊच्या वाट्याला आल्या २०. उकडलेल्या चिकनच्या छातीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १६५ कॅलरी असतात, त्यामुळे २० कॅलरी म्हणजे १२ ग्रॅम, दोन बोटांच्या पेरांएवढा तुकडा. चीजचं बघा. २० ग्रॅम चीज म्हणजे ६० कॅलरी, तीन दिवसांचा खाऊ एका घासात. कोरड्या खाण्याच्या ५-६ ग्रॅममध्येच २० कॅलरी होतात.

हे १० टक्के जेवणातून वजा करायचे, वर घालायचे नाहीत. वजन कमी करायचं पथ्य असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा, वाटीच्या अंदाजावर जाऊ नका. आणि एक धोक्याची गोष्ट. जाड मांजराला "भूक लागली की खाईल" म्हणून उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवस पोट रिकामं राहिलं तर शरीरातली चरबी यकृतात साठते आणि ते जिवावर बेततं. मांजर चोवीस तास काहीच खात नसेल तर डॉक्टरांना फोन करा.

पहिला खाऊ ताटातलाच

कुठलंही पथ्य असो, सुरुवात इथून करा. औषधी कोरडं खाणं असेल तर सकाळीच त्या दिवसाचा वाटा मोजा, त्यातला दहावा भाग वेगळ्या डबीत काढा. संपलं. बशीत पडलेला दाणा आणि हातावरचा दाणा मांजराला एकसारखा वाटत नाही. वास, भूक, डबीचा आवाज, आपली हाक, पाठलाग करून पकडण्याची मजा, यांनी तोच दाणा खाऊ होतो. मी काही दाणे बाल्कनीच्या जाळीजवळच्या कुंड्यांमागे लपवते, काही लांब फरशीवर घरंगळत सोडते. गोट्या त्यामागे शिकारीसारखा धावतो.

औषधी अन्न डब्यातलं, घट्ट पेस्टसारखं मिळत असेल तर त्यापासून कुरकुरीत खाऊ करता येतो. मी रविवारी करते. डबा फ्रीजमध्ये गार करून घेतला की सुरी नीट चालते. अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कापायच्या, त्यांचे नखाएवढे चौकोन करायचे. ओव्हनच्या ट्रेवर बटर पेपर टाकून १८० अंशांवर अर्धा तास. मधे एकदा उलटायचे. कडा तपकिरी झाल्या आणि तुकडा बोटानं दाबल्यावर मऊ राहिला नाही की झालं. ओव्हन नसेल तर तव्यावर अगदी मंद आचेवर, तेलाचा थेंबही न घालता. घरभर वास सुटतो आणि राणी ओट्याखाली येऊन बसते. पूर्ण गार झाल्यावर काचेच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये पाच-सहा दिवस टिकतात. पावसाळ्यात बाहेर ठेवू नका, आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी बुरशी धरते. तवा, सुरी आणि ट्रे आधी साबणानं धुतलेले हवेत, ॲलर्जी असलेल्या मांजराच्या बाबतीत हे फार जपावं लागतं.

दुकानात पाकीट हातात घेतल्यावर

ठाण्यात गोखले रोडला गेलात काय किंवा वाशीत, पेट शॉपच्या भिंतीवर खाऊची पन्नास पाकिटं लटकलेली असतात. पुढच्या बाजूचं चित्र वाचू नका. पाकीट उलटं करा.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पुढे "ट्यूना" लिहिलेल्या ट्यूबमध्ये मागे चिकन असणं अगदी नेहमीचं आहे. "मीट अँड ॲनिमल डेरिव्हेटिव्हज", "ॲनिमल फॅट", "पोल्ट्री बाय-प्रॉडक्ट्स", "डायजेस्ट" असे शब्द दिसले तर कुठला प्राणी ते कळायला मार्ग नसतो. ॲलर्जी असलेल्या मांजरासाठी असं पाकीट परत लटकवून द्यायचं. बाहेरून आलेल्या काही पाकिटांत बीफ किंवा पोर्क असतं, आणि ज्या घरांत ते चालत नाही त्यांनीही हीच यादी वाचून घ्यावी.

"ग्रेन-फ्री" म्हणजे ॲलर्जीला सुरक्षित, हा मोठा गैरसमज आहे. मांजरांना ॲलर्जी बहुतेकदा मांसमच्छीतल्या प्रथिनांची असते, धान्याची तुलनेनं कमी. धान्याऐवजी त्यात बटाटा, वाटाणा किंवा टॅपिओका असतो, मधुमेही मांजराला त्याचा काही फायदा नाही.

ॲलर्जी असेल तर एकाच घटकाचा खाऊ शोधा, ज्याच्या मागे एकच शब्द लिहिलेला असतो. फ्रीझ-ड्राय केलेले, म्हणजे गोठवून वाळवलेले, असे तुकडे मिळतात. बदकाचा मिळाला म्हणून चिकनच्या ॲलर्जीवाल्याला लगेच देऊ नका. कोंबडी, बदक, बटेर ही जवळची नाती आहेत आणि शरीर कधी कधी त्यांच्यात फरक करत नाही. माशांचंही तसंच, एक मासा सोसत नसेल तर दुसरा सोसेलच असं नाही.

किडनीचं पथ्य असेल तर यादीत "फॉस्फेट" हा शब्द शोधा, सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट वगैरे. हे वरून घातलेले फॉस्फेट पोटातून पटकन रक्तात जातात आणि अधू किडनीवर भार टाकतात. कुत्र्यांचा खाऊ एखादवेळी मांजरानं चोरला तर घाबरू नका, पण सवयीनं देऊ नका. मांजराच्या शरीराला टॉरिन हे मांसात असणारं अमिनो आम्ल बाहेरून लागतं आणि कुत्र्यांच्या अन्नात ते पुरेसं असेलच असं नाही. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून निकामी होतं, हे १९८७ साली अमेरिकेत सिद्ध झालं, आणि त्यानंतर मांजरांच्या अन्नात ते वाढवलं गेलं. ज्यांना घरच्या सवयीनं मांजरही शाकाहारी ठेवावंसं वाटतं, त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. मांसाहार ही मांजराच्या शरीराची गरज आहे. शाकाहारी घरात पाकीटबंद औषधी अन्न आणि त्याच्यातलाच खाऊ हा सगळ्यात सोपा मार्ग ठरतो, फ्रीजमध्ये कच्चं मांस ठेवावं लागत नाही.

स्वयंपाकघरातलं आणि बाजारातलं

रविवारी मी बेलापूरला दिवाळे गावच्या बाजारात जाते. मासे साफ करून झाले की मावशी डोकी आणि शेपट्या वेगळ्या पिशवीत घालून पुढे करते, "ने गो बाय, मांजराला होतील." इतक्या मायेनं दिलेली पिशवी नाकारताना जीव कसानुसा होतो, पण माझ्या दोघांनाही ती चालत नाही. कच्च्या माशांपैकी अनेकांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं. शिजवल्यावर ते जातं. काटे मात्र शिजवल्यावरही राहतात. निरोगी मांजराला मासा द्यायचा तर उकडून, काटे हातानं चाचपून काढून, आणि अधूनमधून.

सुक्या मासळीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण चूक तिथेच होते. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ताजी मासळी महागते, आणि बोंबील, सुकट, जवळा घरात येतो. मांजर वासानं वेडं होतं, आणि मूठभर जवळा तिच्यापुढे टाकला जातो. मासा वाळला की त्यातलं पाणी जातं आणि क्षार जसेच्या तसे राहतात, म्हणजे घासाघासात फॉस्फरस आणि मॅग्नेशियम कित्येक पटीनं. खारवलेला असेल तर मिठाची भर. राणीसारख्या किडनीच्या मांजराला, किंवा मूत्रमार्गात खडे होणाऱ्या बोक्याला हा खाऊ पूर्ण बंद. मी सुकट आता झाकणाच्या डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवते. कपाटाचं दार उघडायला राणी शिकली आहे.

मटण, किंवा चालत असेल त्यांना चिकन, आपल्यासाठी शिजवायच्या आधी वेगळं काढा. वाटण, हळद, मीठ लागण्यापूर्वी. कांदा-लसूण कच्चा, शिजवलेला, पावडरीचा, कुठल्याही रूपात मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी त्यात मुरलेलं धुतलं जात नाही. गोट्यासाठी मटणाचा बिनचरबीचा तुकडा साध्या पाण्यात उकडून, बोटानं सुटे धागे करून देते. मटणवाल्याला आधी विचारून घ्या की त्याच ओंडक्यावर, त्याच सुरीनं चिकन कापतात का. आमच्याकडे कापत होते. आता मी मटणाचंच दुकान असलेल्याकडून घेते.

अंड्याचा उकडलेला पांढरा भाग किडनीच्या मांजरासाठी चांगला खाऊ आहे, डॉक्टरांनी होकार दिला तर. त्याच्या १०० ग्रॅममध्ये फॉस्फरस जेमतेम १५ मिलिग्रॅम असतो, पिवळ्यात ३९० च्या आसपास. राणीला नखाएवढा तुकडा मिळतो. चिकनच्या ॲलर्जीवाल्याला मात्र अंडं आपल्या मनानं देऊ नका. चीज, पनीर, दही, श्रीखंड यांत फॉस्फरस भरपूर. आणि गोडाचं म्हणाल तर मांजराला गोड चव कळतच नाही, तिचं ते जनुकच बिघडलेलं असतं, हे २००५ मध्ये कळलं. पेढ्याकडे ती येते ती खव्याच्या तुपासाठी. मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट कधीच नको. कलेजी रोज नको, अ जीवनसत्त्व साठून हाडं आखडतात.

आजाराप्रमाणे थोडं थोडं

मूत्राशयाचा त्रास असलेल्या बोक्यासाठी सगळ्यात चांगला खाऊ पाणी. मटणाचं किंवा चिकनचं पातळ पाणी, मीठ-कांदा-लसूण न घालता, गार करून वरची चरबी काढून, दोन चमचे. पण तो लघवीच्या औषधी अन्नावर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाकीचं काहीच देऊ नका, कारण त्या अन्नानं लघवीचा आम्लपणा आणि क्षार मोजून राखलेले असतात. बोका लिटरमध्ये वारंवार बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.

मधुमेह असेल तर बिस्किटासारखा पिठूळ खाऊ बंद, नुसत्या मांसाचा खाऊ चालतो, आणि रोज त्याच वेळी, तेवढाच. थायरॉइड वाढलेल्या मांजराला आयोडीन कमी असलेलं औषधी अन्न सुरू असेल तर बाहेरचा खाऊ शून्य. दुसऱ्या मांजराच्या बशीतला उष्टा घासही नाही. स्वादुपिंडाच्या किंवा आतड्याच्या सुजेत डॉक्टर सांगतील तेच.

नवीन खाऊ सुरू करताना

एका वेळी एकच. वाटाण्याएवढा तुकडा. पोटाच्या तक्रारीसाठी तीन-चार दिवस थांबा, ॲलर्जीवाल्यासाठी दोन आठवडे. आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत मी रोज दोन अक्षरं लिहिते. "म" म्हणजे मटण दिलं, "ख" म्हणजे खाजवलं, "उ" म्हणजे उलटी. महिन्याअखेरीला पान फाडून डॉक्टरांकडे न्यायचं. तोंडी सांगताना आपण तारखा विसरतो.

श्रावणात बऱ्याच घरी मांसमच्छी बंद होते. मांजराचं पथ्य त्या काळात बदलू नका, आणि गणपती झाल्यावर एकदम मासळीचा मारा करू नका. एकदम बदललेलं अन्न निरोगी पोटालाही सोसत नाही.

दोन मांजरं, शेजारी, आणि गणपतीचा प्रवास

दोघांची जेवणं वेगळ्या खोल्यांत, दार लावून, वीस मिनिटं. उरलेलं उचलायचं. खाऊही एकाला दिवाणखान्यात, दुसऱ्याला आतल्या खोलीत. सुरुवातीला दोघंही दारावर पंजे मारतात, आठवड्याभरात सवय होते.

मांजर जिन्यात, सोसायटीत फिरत असेल तर वॉचमनना आणि खालच्या काकूंना नीट सांगा. "काकू, त्याला डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय, चिकन दिलं तर अंग सोलवटून घेतो. तुम्हाला द्यायचंच असेल तर ही डबी ठेवा." रिकाम्या हातानं कुणाला "देऊ नका" म्हटलं तर मन दुखतं. डबी दिली की काकू खूश आणि मांजरही.

गणपतीला गावी जाताना मांजर बोर्डिंगला किंवा नातेवाइकांकडे ठेवणार असाल तर पथ्याचं अन्न दिवसांप्रमाणे छोट्या पिशव्यांत भरा, चार दिवसांचं जास्तीचं ठेवा, कारण कोकणातल्या गाडीचा भरवसा नसतो. खाऊ वेगळ्या डबीत. मोठ्या कागदावर चार ओळी लिहून पिशवीवर चिकटवा. काय बंद आहे, खाऊ किती, औषध कधी, डॉक्टरांचा नंबर. आमच्या कागदावर राणीपुढे लिहिलंय, "सुकट नाही, दूध नाही, अंड्याचा पांढरा भाग एक दिवसाआड नखाएवढा." गोट्यापुढे, "चिकन नाही, चिकनच्या चवीची गोळीही नाही." त्याखाली बाबांनी मार्करनं आपल्या अक्षरात भर घातलीय, "सकाळी सात दाणे. आधी हाक मारायची, मग डबी वाजवायची."